पाणी सोडणाऱ्याला ‘काय काम हाय?’

“त्याला काय काम हाय? कळ दाबली की दिवसभर मोकळा!” गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याबद्दल पारावर हे हमखास ऐकू येते. वरवर पाहता ते खोटेही नाही. मोटार चालू करायची, टाकी भरेपर्यंत बसायचे, मग व्हॉल्व्ह फिरवून एकेका आळीला पाणी सोडायचे. अंगमेहनत थोडी, वाट पाहणे फार.

मात्र रिकामे बसणे म्हणजे आराम नव्हे. खुरपणी करणाऱ्याचा दिवस कामात सरतो. मोटारीची घरघर ऐकत बसणाऱ्याला एकेक तास खायला उठतो. मग तंबाखू, मोबाईल आणि डुलकी. हा निव्वळ आळस नव्हे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानदलाच्या जवानांच्या नजरेतूनही खुणा सुटत. त्यावरून नॉर्मन मॅकवर्थ यांनी चाचण्या घेतल्या. एकटक लक्ष ठेवण्याच्या कामात पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढतात, मात्र काम बरोबर की चूक हे लगेच कळत गेले तर लक्ष टिकते, असे त्यांना दिसले. हे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले.

गावात ही चूक महाग पडते. टाकी भरून वाहिली तर पाणी व वीज वाया जाते; टीसीएल टाकायचे राहिले तर पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येऊ शकते. चांगल्या पावडरीचे प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास थांबूनच पाणी सोडायचे. काम सोपे, पण एक दिवसही चुकवून चालत नाही.

म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या मोकळ्या वेळेला वळण द्यावे. मोटारीची वेळ व टाकलेली पावडर रोज वहीत लिहावी. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट कर्मचाऱ्यानेच घ्यावी. पाणी पिवळसर झाले की क्लोरीन तिथवर पोचले, हे त्याचे त्यालाच दिसते. व्हॉल्व्हची गळतीही त्याच फेरीत पाहून होते. वहीवर आठवड्याला सही व्हावी, आणि पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा.

‘बसून खातोय’ म्हणणाऱ्या ग्रामस्थांनीही ध्यानात घ्यावे, त्याच्या बसण्यावरच आपल्या घरातला माठ भरतो आहे.