अननसाच्या कुळाचे दप्तर

रेवदंड्याहून मुरूडकडे निघाले की वाटेत काशीद लागते. एका अंगाला सुरूच्या बनापलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला फणसाडचे अरण्य. येथील नारळी-पोफळीच्या वाडीत जी दमट हवा आणि चाळणीतून गाळल्यासारखी सावली असते, ती ब्रोमेलियाड या वनस्पतींना फार मानवते. या कुळातला आपल्या नित्य परिचयाचा सदस्य म्हणजे अननस, ज्याचा फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे फळ म्हणून उल्लेख बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात केला आहे. कुळात जाती तीन हजारांहून अधिक. पश्चिम आफ्रिकेतील एक वगळता साऱ्यांचे मूलस्थान अमेरिका खंड. त्यांतल्या कित्येक वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात, पण आश्रयदात्याचा रस शोषत नाहीत. त्यांना बांडगूळ म्हणणे अन्यायाचे आहे.

मुळांचे काम मुख्यतः आधार धरण्याचे असल्यामुळे अशा जातींना चिकण माती घातक ठरते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे एवढे कुंडीत पुरते. पाणी पानांच्या मधल्या पेल्यात घालावे, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा ते पार ओतून बदलावे. खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसणारे मीठ गोड्या पाण्याने धुवावे. विहीर मचूळ असेल तर पावसाचे साठवलेले पाणी बरे. मात्र खरा धोका वरून येतो: कोळेरोगासाठी पोफळीवर फवारलेले बोर्डो मिश्रण खाली ठिबकले, तर त्यातील मोरचुदाचे तांबे या रोपांना विषासमान होते.

परंतु जोपासनेइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, निष्ठा नोंदवहीला हवी, असे माझे ठाम मत आहे. याच कुळातल्या निओरेगेलियाचे एकच रोप उन्हात तांबडेलाल आणि सावलीत हिरवेगार दिसते. रंगावरून ओळख पटवू पाहणारा हमखास फसतो. शिवाय मूळ रोप एकदाच फुलते आणि बुडाशी पिल्ले सोडून सावकाश वाळते, म्हणजे काही वर्षांत संग्रहातले प्रत्येक रोप बदललेले असते आणि वंशाचा अस्सल पुरावा कागदावरच उरतो. म्हणून अनुक्रमांक, नाव, कोठून आले, केव्हा आले, केव्हा फुलले, हे सारे लिहावे. चौदाव्या रोपाच्या पिल्लाला १४/१ असा क्रमांक देऊन, जमिनीच्या फेरफाराप्रमाणे, नवी नोंद जुनीला जोडावी. शाईची चिठ्ठी कोकणच्या पावसात टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने दाबून कोरलेला आकडा टिकतो.

नाव ठाऊक नसेल तेथे ‘अज्ञात’ लिहावे, अंदाज लिहू नये. १९५० साली अमेरिकेत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ब्रोमेलियाड संस्था संकरित वाणांची नोंद ठेवते. तेथील नावाशी पडताळा घेता येतो. बियांपासून उगवलेल्या संकराला मात्र आईचे नाव लावू नये, कारण वाणाचे गुण हुबेहूब उतरतात ते पिल्लातच. आईच्या निम्म्या उंचीला आलेले पिल्लू पावसाळा सरल्यावर धारदार सुरीने सोडवावे, छेद सावलीत सुकू द्यावा, आणि शेजाऱ्याला द्यायचे झाले तर पिल्लाच्या नोंदीची नक्कल सोबत द्यावी.