पट्टेरी स्नेक प्लांटच्या पानापासून हिरवंच रोप का येतं?

शेडनेटमध्ये शोभेची सक्युलंट रोपं करणाऱ्या सभासदांसाठी आजची माहिती.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटला साध्या हिरव्यापेक्षा दर चांगला मिळतो. म्हणून पानाचे तुकडे करून लावले, की काही महिन्यांनी रोपं येतात, पण सगळी हिरवी! यात मातीचा, खताचा दोष नाही. कारण झाडाच्या पेशीत आहे.

*१) पिवळा काठ*
या झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असतात. हिरव्या पेशीत हरितद्रव्य तयार होतं, काठाच्या पिवळ्या पेशीत होत नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो तो हिरव्या पेशींतून, म्हणून काठ जातो. मुळाजवळच्या पिल्लात मात्र दोन्ही पेशी येतात.
✅ गड्डा विभागून, पिल्लं काढूनच वाढ करा.
✅ कुंडीत पूर्ण हिरवं पिल्लू दिसलं तर लगेच वेगळं करा. ते जोमानं वाढतं आणि पट्टेरी रोपाला मागे टाकतं.

*२) कोरफड, हावर्थिया, गॅस्टेरिया*
कोरफडीच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात: ७ आईकडची, ७ बापाकडची. हावर्थिया आणि गॅस्टेरियातही मूळ हिशेब १४ चाच. त्यामुळे यांचा आपसात संकर होऊ शकतो आणि जवळजवळ ठेवलेल्या झाडांचं बी शुद्ध राहीलच असं नाही.
हावर्थियात दुप्पट, म्हणजे २८ गुणसूत्रांची झाडंही आढळतात. १४ आणि २८ चा संकर झाला तर पिल्लात २१ येतात. २१ च्या सरळ जोड्या लागत नाहीत, म्हणून अशा झाडाला बी बहुधा धरत नाही. हा रोग नाही, औषध फवारू नका.
✅ वाण टिकवायचा तर पिल्लं घ्या.

*३) अडेनियम*
बियांपासून आलेल्या रोपाचं फूल आईसारखंच निघेल याची खात्री नाही. पण बियांच्या रोपाचा बुंधा छान फुगतो.
✅ बियांच्या रोपावर हव्या त्या रंगाचं कलम करा.
⚠️ चीक विषारी आहे. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

*थोडक्यात:* पट्टा हवा तर पिल्लू, ठरावीक फूल हवं तर कलम, नवा प्रकार शोधायचा तर बी.

मातृरोपं वेगळी ठेवा. प्रत्येक ट्रेवर वाणाचं नाव, तारीख आणि पिल्लू/पान/कलम/बी यापैकी काय ते लिहा. बियांची रोपं ‘ठरावीक रंगाची’ म्हणून विकू नका. फूल आल्यावर गिऱ्हाईक तुटतं.

शंका असेल तर रोपाचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा.
– रोपवाटिका गट