कौलाआधीची कैफियत

लोकमत नावाची वस्तू लोकांच्या मनात आधीच सिद्ध होऊन बसलेली असते, आणि निवडणुका, चाचण्या व वर्तमानपत्रे ही केवळ ती बाहेर काढून मोजण्याची साधने होत, अशी समजूत लोकशाहीच्या व्यवहारात सर्वत्र गृहीत धरलेली आढळते. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रपंडिताने १९२२ सालीच या समजुतीविषयी गंभीर शंका उपस्थित केली होती. परंतु शंका ती शंकाच, आणि तिच्यामागे आकड्यांची साक्ष उभी राहावयास आणखी जवळजवळ वीस वर्षे जावी लागली. १९४१ साली डोनाल्ड रग या संशोधकाने एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना अमेरिकेने मुभा द्यावी काय, असे विचारले असता १०० पैकी ६२ जणांनी 'नाही' म्हटले होते. आणि अशा भाषणांना अमेरिकेने मनाई करावी काय, असे तशाच दुसऱ्या समूहास विचारले असता 'होय' म्हणणारे निघाले अवघे ४६. मुभा न देणे आणि मनाई करणे यांत तर्कशास्त्राच्या दृष्टीने तिळमात्र अंतर नाही. तथापि मनाईचा हुकूम आपल्या तोंडून जावा हे ज्यांना रुचत नव्हते, अशा लोकांना नुसती मुभा नाकारताना मनाला टोचणी लागली नाही, आणि राष्ट्राच्या मताचा कल प्रश्नकर्त्याच्या एका क्रियापदाने पालटला.

पुढे १९८१ साली एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचे अधिक नेटके रूप दाखवले. एका साथीत ६०० माणसे दगावतील अशी भीती आहे. एका उपायाने २०० खात्रीने वाचतील, तर दुसऱ्यात सर्वच्या सर्व वाचण्याची शक्यता एकतृतीयांश आणि एकही न वाचण्याची दोनतृतीयांश, असे सांगितल्यावर १०० पैकी ७२ जणांनी खात्रीचा उपाय पसंत केला. तोच उपाय '४०० खात्रीने मरतील' या शब्दांत मांडल्याबरोबर त्याला पसंती देणारे २२ उरले. गणित तेच, माणसे त्याच प्रतीची. या प्रयोगाचा उल्लेख आता पाठ्यपुस्तकांतून इतका झाला आहे की त्याची धार बोथट झाल्यासारखी वाटते. आणि प्रयोगशाळेतील या साथीत कोणीही खरोखर मरत नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मांडणीचा प्रभाव खऱ्या रणधुमाळीत कसा चालतो हे पाहावयाचे तर ज्या ठिकाणी माणसांचे हितसंबंध, अभिमान आणि भय पणास लागले होते अशा प्रसंगांकडेच वळावे लागते, आणि असे प्रसंग शोधण्यासाठी मराठी माणसाला फार दूर जाण्याची आवश्यकता नाही.

१८९१ चे संमतिवयाचे बिल घ्या. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केल्यापासून हा विषय धुमसत होताच. त्यात कलकत्त्यास फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्याहून कितीतरी वयस्क असलेल्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू पावली, आणि तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे तत्कालीन दंडसंहितेप्रमाणे बलात्काराचा आरोप नवऱ्यावर टिकू शकला नाही. ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे बिल सर अँड्र्यू स्कोबल यांनी ९ जानेवारी १८९१ रोजी मांडले आणि ते १९ मार्चला संमतही झाले. कायदेमंडळात सरकारचा शब्द शेवटचाच होता; तेव्हा खरी लढाई पुण्यामुंबईच्या सभांतून आणि पत्रांच्या रकान्यांतून झाली, आणि तीत बिलाच्या पुरस्कर्त्यांना लोकांची मने जिंकता आली नाहीत, हे मान्य करणे प्राप्त आहे.

याचे कारण टिळकांनी निवडलेल्या रणभूमीत सापडते. अल्पवयीन मुलीच्या देहाला होणारी इजा चांगली की वाईट, या प्रश्नावर त्यांनी सुधारकांशी युद्ध मांडलेच नाही. मांडले असते तर ते हरले असते, आणि ते हरण्यासाठी लढणारे गृहस्थ नव्हते. मुलींचे लग्न सोळाव्या व मुलांचे विसाव्या वर्षापूर्वी करू नये, असे निर्बंध सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावेत, असा प्रस्ताव त्यांनी स्वतःच पुढे केला होता. 'केसरी'ने वाद नेला तो निराळ्याच दालनात: परकीय सरकारला हिंदूंच्या धर्माचारात हात घालण्याचा अधिकार काय, आणि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात दिलेल्या वचनाचे काय? प्रश्न एकदा असा उभा राहिल्यावर बिलाला अनुकूल असणे म्हणजे सरकारला शरण जाणे, असे समीकरण आपोआप तयार झाले, आणि ज्याच्या घरी सोळा वर्षांची अविवाहित मुलगी सुखाने वावरत होती असा गृहस्थसुद्धा बिलाविरुद्धच्या सभेला जाऊन टाळ्या देऊ लागला.

परंतु मला याहूनही विलक्षण वाटते ती सुधारकांची वर्तणूक. गर्भाधानसंस्काराचा काळ कायद्यामुळे चुकतो, सबब कायदा अधर्म्य आहे, हा आक्षेप आल्याबरोबर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या प्रकांड पंडिताने धर्मशास्त्रातील वचनांच्या आधारे असे सिद्ध केले की तो काळ लांबविण्यास शास्त्राची आडकाठी नाही. पांडित्याच्या दृष्टीने भांडारकरांची बाजू भक्कम होती. तथापि या उत्तरानेच त्यांनी प्रतिपक्षाची चौकट स्वीकारली, आणि निर्णयाचे आसन स्मृतींना देऊन टाकले. हिंदुस्थानातील पन्नासावर स्त्री-डॉक्टरांनी आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या इजांचा तपशील देऊन व्हॉइसरॉयकडे अर्ज केला होता. वचनांच्या या घनघोर संग्रामात त्या अर्जाला द्यावयास कोणाजवळ सवड उरली नाही. शास्त्र काय सांगते हा मुद्दाच गौण असून विवेक काय सांगतो ते पाहावे, असे बजावणारे आगरकर आपल्या 'सुधारका'त जवळजवळ एकटेच राहिले. मांडणीची खरी शक्ती ती काय दाखवते यापेक्षा ती काय दृष्टीआड करते यात असते, असे म्हणतात. या वादात दृष्टीआड झाली ती प्रत्यक्ष फुलमणीच.

दुसरे उदाहरण याहून अधिक बोलके आहे, कारण तेथे एकाच प्रजेचा कौल अल्पावधीत तीनदा घेतला गेला. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात तेथे पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन महाराष्ट्रात विलीनीकरणाची घोषणा करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळवली, आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. साधा हिशेब असा की लोकांनी कौल दिला, प्रकरण संपले. परंतु विरोधी पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांनी आग्रह धरला की इतका मोठा निर्णय आमदारांच्या बहुमताने न होता, या एकाच प्रश्नावर जनतेचे मत घेऊन व्हावा. दिल्लीने ते मानले, डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. आणि त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, त्याच मतदारांनी त्याच बांदोडकरांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा गादीवर बसविले.

या तीन निकालांत विसंगती पाहणाऱ्यांना गोमंतकीय मतदार चंचल वाटला असेल; मला तो अत्यंत स्थिरबुद्धी वाटतो. १९६३ साली पेडणे, डिचोली, सत्तरीच्या कुळाने जे मत दिले ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वर्चस्वाविरुद्ध होते, गावात मराठी शाळा यावी यासाठी होते, आपल्यातला एक माणूस राज्य करतो आहे या अभिमानाचे होते. विलीनीकरण त्या गाठोड्यात बांधलेले आले. सिक्वेरांनी केले ते इतकेच की गाठोडे सोडवून त्यातला एक जिन्नस निराळा काढला आणि तेवढ्याचीच किंमत विचारली. एकदा तो सुटा झाल्यावर त्याच्यावर नव्या मांडणीचा रंग चढवणे शक्य झाले. मुंबईच्या सचिवालयातून चालणारा एक कोपऱ्यातील जिल्हा होऊन राहावयाचे काय? नोकऱ्यांवर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी आहेतच, ते आणखी येतील काय? महाराष्ट्राची दारूबंदी लागू झाली तर माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराने पोट कसे भरावे? हे सर्व प्रश्न हिंदूला आणि ख्रिश्चनाला सारखेच लागू पडणारे होते, आणि यातच त्यांची निवड करणाऱ्यांचे चातुर्य होते. कारण ख्रिश्चन मते पानांनाच पडणार हे ठरलेले असताना निकाल फिरणार होता तो हिंदू मतांवर.

हा प्रचार जितका कोंकणीतून झाला, उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी गावोगाव झाला, तितकाच तो मराठीतूनही झाला, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही. मडगावचे 'राष्ट्रमत' हे विलीनीकरणविरोधी दैनिक मराठी होते, आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे धारदार सदर त्यातून मराठीतच सुटत असे. ज्यांची वाचनाची भाषा मराठी होती अशा हिंदू गोमंतकीयांना उद्देशून, त्यांच्याच भाषेत, महाराष्ट्रात न जाण्याची कैफियत मांडली गेली. मराठी येते म्हणून महाराष्ट्रात आले पाहिजे, हा पूर्वपक्ष तेथेच लुळा पडला. याउलट विलीनीकरणवाद्यांच्या साहाय्यास सीमेपलीकडून पुढाऱ्यांच्या फौजा आल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली 'झालेच पाहिजे'ची आरोळी त्यांनी गोव्याच्या मैदानांवर आणली. जी घोषणा १९५६ साली मुंबईत अन्यायाविरुद्धचा हुंकार होती, ती येथे धाकट्या भावावरील हुकमासारखी ऐकू गेली असल्यास नवल नाही. दारूबंदी, नोकऱ्या आणि कोंकणी यांविषयी महाराष्ट्राने आश्वासने दिली खरी, परंतु आश्वासन देण्यासाठी भीतीचा उच्चार करावा लागतो, आणि प्रत्येक उच्चाराबरोबर ती भीती अधिक खरी होत जाते.

इतके वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की शब्दांचा कसबी कारागीर लोकांकडून हवे ते मत वदवून घेऊ शकतो, तर तो उतावळेपणा होईल. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, प्रतिपक्षाची मांडणी छापलीच जात नव्हती, आणि पवनारच्या विनोबांच्या 'अनुशासन पर्व' या शब्दांचा सरकारने भिंतीभिंतीवर मुबलक वापर केला. एकाच चौकटीला एवढे निष्कंटक राज्य स्वतंत्र भारतात पूर्वी कधी लाभले नव्हते. तरीही १९७७ साली उत्तर भारतातून काँग्रेस जवळजवळ पुसली गेली. मात्र दक्षिणेत ती टिकली. आणि नसबंदीची सक्ती व घरे पाडण्याचा वरवंटा ज्या प्रदेशांत कमी फिरला त्यांत दक्षिण प्रामुख्याने मोडते, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. ज्याच्या अंगावर वरवंटा आला त्याला अनुशासनाचा अर्थ भिंतीवर वाचण्याची गरज नव्हती. अमेरिकेत जेम्स ड्रकमन यांनी पुढे प्रयोगांनी दाखविले की भिन्न मांडण्या ऐकलेली माणसे एकत्र बसून बोलली की मांडणीचा असर पुष्कळसा उतरतो, आणि सांगणाराच अविश्वसनीय असेल तर तो चढतच नाही. चावडीवरच्या आणि पारावरच्या गप्पांना आपण रिकामटेकडेपणा म्हणतो. लोकमताच्या आरोग्यासाठी त्या किती आवश्यक आहेत याचा विचार करीत नाही.

सांप्रतच्या मराठी मुलखात मांडणीचे सर्वांत गंभीर उदाहरण कोणते, असे मला विचारल्यास मी राजकीय घोषणा किंवा जाहिराती यांच्याकडे बोट दाखविणार नाही. मी विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे दाखवीन. शांतो अय्यंगार यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा अभ्यास करून असे दाखविले की दारिद्र्य एखाद्या गरीब माणसाच्या कहाणीतून दाखविले की प्रेक्षक त्या माणसालाच त्याच्या स्थितीबद्दल जबाबदार धरू लागतो, आणि तेच देशाची एकंदर अवस्था म्हणून दाखविले की जबाबदारी समाजाकडे व सरकारकडे जाते. आपल्या पत्रकारितेचा हेतू बहुधा करुणेचा असतो, यात मला संशय नाही. पण फासाचा दोर, भिंतीला टेकून बसलेली पत्नी आणि मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज यांचे चित्र कितीही कळवळ्याने रंगविले, तरी वाचकाच्या मनात शेवटी उरतो तो एवढाच विचार की लग्नाला इतका खर्च कशाला केला. कापसाचा भाव, जिराईत जमीन आणि बँकेचा बंद दरवाजा या गोष्टी चित्राच्या कडेबाहेर राहतात.

वर्तमानपत्राच्या मांडणीला निदान दुसरे वर्तमानपत्र उत्तर देऊ शकते. दफ्तराच्या मांडणीला उत्तर देणारे कोणी नसते. २००६ पासून शासनाने अशा प्रकरणांत वारसास १ लाख रुपयांची मदत ठरविली, आणि त्यासाठी प्रत्येक मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हा पातळीवरील समिती ठरवू लागली: नापिकी होती काय, राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय. मदतीला निकष हवेत, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मदतीसाठी केलेली ही वर्गवारी हळूहळू कारणमीमांसेच्या जागी जाऊन बसली, आणि 'अपात्र' प्रकरण म्हणजे शेतीशी संबंध नसलेला मृत्यू, असा अर्थ सभागृहांतील उत्तरांतून आणि बातम्यांतून रूढ होत गेला. ज्याने बिनपरवाना सावकाराकडून तोंडी कर्ज घेतले, कारण बँकेने त्याला उभेच केले नाही, तो सर्वांत अधिक नाडलेला असूनही कागद नसल्यामुळे बाद ठरतो. जो दुसऱ्याची जमीन बटाईने करतो त्याचे सातबाऱ्यावर नावच नसते. आणि जी स्त्री पेरणीपासून वेचणीपर्यंत शेतात राबली, तिने तोच मार्ग पत्करला तर जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असल्यामुळे तिच्या मृत्यूची नोंद बहुधा गृहिणीच्या रकान्यात होते, आणि शेतकरी आत्महत्यांच्या ज्या आकड्यावरून संपादक अग्रलेख लिहितात, मंत्री उत्तरे देतात व आपण सर्व आपापली मते बनवितो, त्या आकड्यात ती कधी येतच नाही.