लाजेखालीं झांकलेलीं दुखणीं

मनुष्याच्या दुखण्यांचे दोन प्रकार आहेत. कांहीं दुखणीं चारचौघांत सांगण्यासारखीं असतात आणि कांहीं मनांतच ठेवलीं जातात. ताप आला, पडसें झालें, पाय मुरगळला, तर शेजारीपाजारी विचारपूस करतात. कोणी काढा सुचवितो, कोणी चांगल्या डॉक्टरचें नांव सांगतो. परंतु लघवी अडते, जांघेंत फुगवटी येते, अंगावरून फार जातें, हीं वाक्यें ओठांपर्यंत येऊन परत फिरतात. कोल्हापूरच्या तालमींत खांदा दुखावलेला पैलवान वस्तादापुढें निःसंकोच उभा राहतो. पण लंगोट कसतांना जांघेंत हाताला लागणारी गांठ तो वर्ष-वर्ष कोणासही दाखवीत नाहीं. त्याच पेठेंतील गृहिणी घरांतील सर्वांच्या औषधांच्या वेळा सांभाळते आणि स्वतःची दमछाक मात्र ‘बायकांचें असायचेंच’ असें म्हणून अंगावर काढते. अशा दुखण्यांपैकीं बहुतेक बरीं होणारीं आहेत. त्यांत रोगापेक्षां उशीरच अधिक घात करतो, आणि त्या उशिराचें मूळ पुष्कळदां लाजेंत असतें.

या संकोचाची जाणीव कोल्हापूरला फार पूर्वीं झालेली आहे. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षां दुखणें सोसणें बरें, असें मानणाऱ्या स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर हवी, हें ओळखून कोल्हापूर दरबारानें १८८६ सालीं येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. आनंदीबाईंना हें शहर परकें नव्हतें. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस असतांना दोघांचें वास्तव्य येथें झालें होतें. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें, हें दुःख पोटांत घेऊन ही मुलगी समुद्रापार गेली आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवीधर झाली. पण कोल्हापूरच्या स्त्री-विभागांत पाऊल ठेवणें तिच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें तिचा अंत झाला, तेव्हां तिला बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. क्षयाचा जंतु सांपडून त्या वेळीं पांचच वर्षें झालीं होतीं आणि त्यावर मात करणारें औषध जगांत कोठेंच नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास १९४३ साल उजाडलें. पुढें त्याच रुग्णालयांत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं स्त्रियांच्या सेवेचें कार्य केलें. तें रुग्णालय आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय या नांवानें उभें आहे. लोक त्यास ‘सीपीआर’ म्हणतात.

आनंदीबाईंच्या काळीं औषधच नव्हतें. आज औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, तपासणी आहे. पण रोगी दारापर्यंत येत नाहीं. हा फरक ध्यानांत घेऊन प्रथम पुरुषांच्या दोन नेहमींच्या दुखण्यांकडे पाहूं.

पहिलें दुखणें अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटाच्या स्नायूंची भिंत जांघेपाशीं जन्मतःच थोडी दुबळी असते. ती सैल झाली म्हणजे आंतड्याचा एखादा वेढा तेथून पुढें सरकतो. खोकतांना, शौचास जोर करतांना किंवा ओझें उचलतांना फुगवटी दिसते आणि उताणें निजलें कीं आंत जाते. ती आंत जाते म्हणूनच मनुष्य निर्धास्त राहतो. गुळाच्या बाजारांत ओझीं वाहणारा हमाल कमरेला पट्टा बांधून दिवस काढतो. पट्टा फुगवटीस दाबून धरतो, पण भिंतीचें छिद्र बुजवीत नाहीं. तें बुजविण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया इटलींतील बास्सिनी या शल्यवैद्यानें १८८७ सालीं जगापुढें मांडली. आतां दुबळ्या जागीं कृत्रिम धाग्याची बारीक जाळी बसवितात; कित्येकदां पोटावर लहान छिद्रें पाडून, दुर्बिणीच्या साहाय्यानें हें काम होतें आणि रोगी त्याच दिवशीं अथवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातो. फुगवटी लहान असून कांहीं त्रास नसेल, तर डॉक्टर नुसतें लक्ष ठेवण्याचाही सल्ला देतात; पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा. फुगवटी एकाएकी कठीण झाली, दुखूं लागली, आंत जाईना आणि वांत्या सुरू झाल्या, तर आंतड्याचा रक्तप्रवाह कोंडला असें समजावें. त्या वेळीं सकाळची वाट पाहणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय.

दुसरें दुखणें उतारवयांतलें. मूत्राशयाच्या खालीं अक्रोडाएवढी प्रोस्टेट नांवाची ग्रंथि असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. पन्नाशीनंतर पुष्कळ पुरुषांत ही ग्रंथि वाढूं लागते. ऐंशीच्या पुढें तर दहांपैकीं आठ-नऊ जणांत ती वाढलेली आढळते. मग रात्रीं तीन-चार वेळां उठावें लागतें, धार बारीक होते, सुरुवातीस ताटकळावें लागतें आणि लघवी होऊनही मोकळें वाटत नाहीं. वृद्ध गृहस्थ यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे पाणी कमी पिणें. परंतु दिवसभर तहान मारण्यानें ग्रंथि लहान होत नाहीं. संध्याकाळनंतर पाणी व चहा बेतानें घेणें एवढेंच पुरेसें असतें. टॅम्सुलोसिनसारखीं औषधें तेथील स्नायु सैल करतात आणि थोड्याच दिवसांत धार सुधारते. तीं सुरू केल्यावर कोणाकोणास एकदम उठतांना भोंवळ येते, म्हणून सावकाश उठावें. फिनास्टेराइडसारखीं औषधें ग्रंथीचा आकारच कमी करतात, पण त्यांना सहा महिन्यांचा अवधि द्यावा लागतो. एवढ्यानें न भागल्यास पोट न कापतां मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून वाढलेला भाग काढतां येतो. आतां लेसर किरणांनींही तें करतात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र कर्करोगही त्याच ग्रंथींत होऊं शकतो, म्हणून डॉक्टर बोटानें तपासतात आणि जरूर वाटल्यास ‘पीएसए’ नांवाची रक्ताची चांचणी सांगतात. आणखी एक सूचना उपयोगाची आहे. सर्दीवरील कांहीं गोळ्या अशा माणसाची लघवी एकाएकी बंद पाडतात. दुकानांतून परस्पर गोळी घेण्यापूर्वीं हा त्रास दुकानदारास सांगावा, नाहीं तर थंडीच्या रात्रीं रुग्णालय गांठण्याची पाळी येते.

स्त्रियांच्या दुखण्यांत सर्वांत मोठें, आणि सर्वांत कमी बोललें जाणारें, म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींत तो आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तांत हिमोग्लोबिनचें प्रमाण दर शंभर मिलिलिटरला १२ ग्रॅमहून कमी असूं नये. तें घटलें कीं जिना चढतांना धाप लागते, छाती धडधडते, डोकें जड होतें, आणि घरचे लोक म्हणतात, ‘हिला कामाचा कंटाळा येतो.’ या रोगाच्या अभ्यासांत मुंबईचें नांव जगाच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईंत आली आणि गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, हें तिनें दाखवून दिलें. त्या अर्कांतील द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. आज लोहाची व फॉलिक आम्लाची गोळी एकत्रच मिळते. ती चहाबरोबर घेतल्यास चहा लोहास अडवितो. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास अधिक अंगीं लागते. शौचाचा रंग काळा होतो, त्यास भिऊं नये. गोळ्या सोसत नसतील, किंवा रक्त फार उतरलें असेल, तर शिरेवाटे लोह देण्याची सोय आहे.

परंतु रक्त भरून काढतांना तें जातें कोठें, हेंही पाहिलें पाहिजे. मासिक पाळी सात दिवसांहून अधिक चालणें, तासा-दोन तासांनीं कपडा बदलावा लागणें, मोठ्या गांठी पडणें, हें ‘असायचेंच’ नव्हे. गर्भाशयांतील साध्या, कर्करोग नसलेल्या गांठी, थायरॉइडचा बिघाड किंवा अंतःस्रावांचा असमतोल अशीं त्याचीं कारणें असतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भाशयांत बसवून कित्येक वर्षें काम देणारें औषधयुक्त साधन, केवळ गांठ काढणारी शस्त्रक्रिया, अशा पायऱ्या उपलब्ध आहेत. बहुतेक वेळां गर्भाशय काढणें ही त्यांतली शेवटली पायरी होय.

हीच पायरी पहिली ठरली म्हणजे काय होतें, हें उसाच्या फडानें दाखविलें आहे. दर हंगामांत बीडकडून ऊसतोड्यांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि एक दिवस खाडा झाला तरी दंड बसतो. फडांत न्हाणीघर नाहीं, आडोसा नाहीं, पाळीच्या दिवसांत विसावा नाहीं. अंगावरून पांढरें जाऊं लागलें किंवा पोट दुखूं लागलें कीं ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत शासनाच्या समितीनें सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. अशा शस्त्रक्रियेंत बीजकोशही काढले, तर ऐन तारुण्यांत पाळी संपल्यानंतरचे सर्व त्रास मागें लागतात आणि हाडें ठिसूळ होतात. ज्या दुखण्यास पुष्कळदां आठवडाभराच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्याची किंमत जन्मभर मोजावी लागते. म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास ‘याहून लहान उपाय आहे काय?’ असें विचारावें आणि दुसऱ्या डॉक्टरचेंही मत घ्यावें. असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा तर वेळीं पाहिल्यास टळणारा रोग आहे. एका विषाणूमुळें तेथील पेशी बिघडूं लागतात आणि त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेव्हां उस्मानाबाद आणि आतां धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. ज्या गांवांत त्या विषाणूची चांचणी केवळ एकदां केली गेली, तेथें या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले. हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला आणि जगानें त्याची दखल घेतली. मराठी खेड्यांतील स्त्रियांनीं लाज बाजूस ठेविली, म्हणून हें ज्ञान हातीं आलें. या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस २०२२ सालीं मान्यता मिळाली. ती मुलींना ९ ते १४ या वयांत देणें उत्तम.

आतां प्रश्न राहतो सांगण्याचा. डॉक्टरकडे जातांना दुखणें केव्हांपासून आहे, रात्रीं कितीदां उठावें लागतें, पाळी किती दिवस चालते, कोणतीं औषधें चालूं आहेत, हें कागदावर लिहून न्यावें. तोंडानें उच्चारण्यास जड जाणारें वाक्य कागद सांगतो. तपासणीच्या वेळीं स्त्री-डॉक्टर मागण्याचा किंवा जवळचें माणूस सोबत ठेवण्याचा स्त्रीस हक्क आहे. लघवींतून रक्त जाणें, लघवी एकदम बंद होणें, पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें, स्तनांत गांठ लागणें, पुरुषास कारणावांचून रक्तक्षय होणें, या गोष्टी दिसतांच संकोच न करतां त्वरित दाखवाव्या. आणि घरांतील कर्त्या माणसांनींही एवढें करावें, कीं सुनेची दमछाक व आजोबांचें रात्रीचें उठणें हे चेष्टेचे विषय होऊं देऊं नयेत. घरांत जें दुखणें हंसण्यावारी जातें, तें डॉक्टरपर्यंत पोहोंचत नाहीं.

सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका स्त्री-विभागासाठीं कोल्हापूरनें डॉक्टर नेमली आणि ती येण्यापूर्वींच गेली. आज डॉक्टर आहेत, औषधें आहेत. त्यांच्यापर्यंत जाणारी चार पावलें रोग्याची आणि त्याच्या घरच्यांचीं आहेत; तीं वेळीं टाकलीं, तर पुष्कळ दुखणीं दुखण्यापाशींच थांबतील.