सीट अडली? आधी मोटर बदलू नका

मानखुर्दच्या गॅरेजवाल्या बांधवांना आमचे सांगणे आहे की, गाडीची विजेवर सरकणारी सीट अडली म्हणून लगेच नवी मोटर मागवू नये. आधी फ्यूज पाहावा. बटण दाबल्यावर मोटर नुसतीच घुरघुरत असेल तर रुळात नाणे, पेन अडकले आहे का ते बघावे. आवाजच नसेल तर बटण दाबून धरून मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजावेत. 12 व्होल्ट मिळूनही मोटर गप्प, तर दोष तिचाच. न मिळाल्यास स्विच, अर्थिंग आणि सीटखालची घासलेली वायर तपासावी. सीट एकाच दिशेला सरकत असेल तर बहुधा स्विच बिघडलेला असतो. सीटखालचा पिवळा प्लग एअरबॅगचा. त्याला मीटर लावू नये. एवढे केले तर गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात आणि आपली पतही राहते.