वारणेचा तह : सीमारेषेची भाषा

लढणाऱ्या दोन सैन्यांमध्ये रेषा ठरते तेव्हा तिला अखेर शब्दांतच उतरावे लागते. हे वर्णन टिकाऊ कशामुळे होते, हे वारणेच्या तहाच्या आधारे या पाठात पाहू.

१. पार्श्वभूमी

१७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहूंचा हक्क ताराबाईंनी नाकारला आणि सातारा व पन्हाळा अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. सरदार सोयीनुसार पक्ष बदलत असल्याने संघर्ष मिटेना. १७३० मध्ये वारणेच्या परिसरात संभाजींचा पराभव झाला. ताराबाई व राजसबाई शाहूंच्या हाती आल्या. तरीही शाहूंनी सलोखाच पसंत केला. फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडी येथे बंधूंची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी तह झाला.

२. तहातील तीन सूत्रे

विश्रामबागहून सांगलीमार्गे हरिपूरला गेल्यास वारणा-कृष्णा संगम दिसतो. हा संगम तहनाम्यातील एक खूण आहे. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख आणि या संगमापासून कृष्णेच्या दक्षिणतीराने तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा प्रदेश संभाजींना मिळाला. ज्याला नकाशा वाचता येत नाही, अशा शिपायालाही ही रेषा कळते. हे पहिले सूत्र : खूण सर्वांना दिसणारी असावी.

दुसरे सूत्र रेषेच्या आजूबाजूचे आहे. मिरज, तासगाव, अथणी ही पलीकडील ठाणी संभाजींनी सोडायची आणि वारणेच्या दक्षिणेस असलेला वडगावचा कोट पाडून टाकायचा, असे ठरले. रेषेलगत चढाईचा तळ राहिला, तर रेषेवर विश्वास बसत नाही.

तिसरे सूत्र माणसांविषयीचे आहे. एकाचे चाकर दुसऱ्याने आश्रयास ठेवू नयेत आणि एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा. भांडणाचे मूळ सरदारांच्या पक्षांतरात होते. ते केवळ नदीने अडले नसते.

३. तुलना

भारत व पाकिस्तान यांच्यात २७ जुलै १९४९ रोजी झालेल्या कराची करारात काश्मीरमधील युद्धबंदी रेषा गावे, शिखरे व नाले यांच्या नावांनी नोंदवली गेली. सैन्यांनी सर्वसाधारणपणे रेषेपासून ५०० यार्ड दूर राहावे, असे ठरले. किशनगंगा नदी हीच जेथे रेषा होती, तेथे मात्र ही अट नव्हती. परंतु पुढे 'एनजे ९८४२' म्हणून ओळखल्या गेलेल्या बिंदूपलीकडे रेषा उत्तरेस हिमनद्यांपर्यंत जाते, एवढेच मोघम वर्णन राहिले. कोणत्या हिमनद्या, कोणत्या कडेने, हे लिहिले गेले नाही. १९८४ पासून सियाचिनवर सैनिक उभे आहेत, त्यामागे या अपुऱ्या वाक्याचा मोठा वाटा आहे.

४. समारोप

तहनाम्यातील 'मुलूख', 'ठाणे', 'कलम' हे शब्द वाचताना केवळ त्यांची व्युत्पत्ती पाहू नये. त्या शब्दांनी कोणता संशय मिटवला आणि कोणता शिल्लक ठेवला, हेही तपासावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वारणेच्या तहातील तीन सूत्रे सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या गावाच्या सीमेचे वर्णन पाच वाक्यांत असे लिहा की, त्याचे दोन अर्थ निघणार नाहीत.