विश्लेषण : जुने क्रोनोग्राफ घड्याळ चकाचक केले की किंमत का घसरते?

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहात एखादी जुनी तलवार रंग मारून नवी केलेली दिसली, तर पाहणारा हळहळेल. पण घरच्या कपाटात आजोबांचे दोन बटणांचे स्विस घड्याळ सापडले, की पहिला विचार येतो तो डायल नवी करून पॉलिश मारून घेण्याचा. संग्राहक ज्या गोष्टीसाठी लाखो रुपये मोजतात, नेमकी तीच यात पुसली जाते.

क्रोनोग्राफ म्हणजे काय?

वेळ दाखवतानाच स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. किल्लीच्या वर आणि खाली एकेक बटण असते. बहुतेक घड्याळांत वरचे बटण मोजणी सुरू-बंद करते, तर खालचे काटा शून्यावर आणते. मोजलेली मिनिटे आणि तास डायलवरील छोट्या तबकड्यांवर दिसतात. क्रोनोमीटर हा वेगळा शब्द आहे. अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाला क्रोनोमीटर म्हणतात.

एवढी किंमत कशामुळे?

दुर्मीळपणा, मूळ अवस्था आणि घड्याळाचा इतिहास या तीन गोष्टींमुळे. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 115 कोटी रुपयांना विकले गेले. ते सोन्याचे नव्हे, साध्या स्टीलचे होते. त्या धाटणीच्या डायलना सुरुवातीला फारसे गिऱ्हाईकही नव्हते. कमी खपले म्हणून कमी उरले आणि पुढे तेच दुर्मीळ ठरले. मागच्या झाकणावर पत्नीने कोरून घेतलेला ‘गाडी जपून चालव’ हा संदेशही शाबूत होता.

‘मुंबई स्पेशल’ काय प्रकार आहे?

जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात हा शब्द येतो, पण कौतुकाने नाही. जुन्या घड्याळाची डायल पुन्हा रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून ‘दुर्मीळ’ म्हणून ऑनलाइन विकलेल्या मालाला ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. घड्याळ चालू राहावे म्हणून दुरुस्ती करणे हे आपल्या कारागिरांचे कसबच आहे. फसवणूक होते ती रंगवलेली डायल मूळची म्हणून विकताना.

फक्त सामान्य ग्राहकच फसतो का?

नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ओमेगा स्पीडमास्टरचे एक जुने घड्याळ जिनिव्हाच्या लिलावात 31 लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. खरेदीदार खुद्द ओमेगा कंपनी होती. 2023 मध्ये उघड झाले, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केले होते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- डायलवरील अक्षरे भिंगातून पाहा. फाटलेली शाई, वाकडे बोधचिन्ह किंवा तळाशी ‘स्विस मेड’ पुसट असणे हे धोक्याचे संकेत आहेत.
- छोट्या तबकड्यांचे काटे खरोखर फिरतात का? बटण दाबल्यावर ते शून्यावर येतात का?
- काट्यांवरील आणि डायलवरील चमकणाऱ्या लेपाचे वय सारखे दिसायला हवे. 1960 च्या दशकापर्यंत त्यात किरणोत्सारी रेडियम वापरले जाई. असा लेप घरी खरवडू नका.
- आतल्या यंत्राचा फोटो मागा. पाटेक फिलिप, लाँजिन अशा कंपन्या जुन्या नोंदींचा उतारा देतात. तो क्रमांकाशी पडताळा. मात्र कागद खरा असला तरी डायल बदललेली असू शकते.

कराचे काय?

10 लाख रुपयांहून महाग मनगटी घड्याळाच्या विक्रीवर 22 एप्रिल 2025 पासून विक्रेत्याकडून 1 टक्का टीसीएस वसूल करण्याची तरतूद आहे. ही रक्कम विवरणपत्रात समायोजित करता येते. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. पक्के बिल नसलेले ‘स्वस्त’ घड्याळ पुढे विकताना हेच अडचणीचे ठरते.

घरातल्या घड्याळाचे काय करावे?

बरीच वर्षे बंद असेल तर सारखी किल्ली देऊन ते चालवू नका. सुकलेल्या तेलामुळे चाके झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि फोटो काढून ठेवा. कारागिराला सांगा, की फक्त यंत्र साफ करून तेल द्या, डायल, काटे आणि कवचाला हात लावू नका. एखादा भाग बदलावाच लागला, तर जुना भाग परत मागून घ्या. बिल, डबी, आजोबांचा ते घड्याळ घातलेला फोटो एकत्र जपा.

प्रत्येक जुने घड्याळ लाखाचे नसते. पण त्याची खरी किंमत कळण्याआधी डायलवर रंग चढला, तर तो पुन्हा उतरवता येत नाही.